शेंडेफळाची पदवी आणि मोकळं होण्याचा सल्ला

घरातलं शेवटचं मूल पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोचलं की आईबापांनी काय करावं, याचं उत्तर हल्ली तयार मिळतं. रविवारच्या पुरवणीत मिळतं, ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्याख्यानात मिळतं, सोसायटीच्या हळदीकुंकवाला बोलावलेल्या समुपदेशक बाईही तेच सांगतात. कर्तव्य संपलं, आता मोकळे व्हा. पाखरू उडणार, घरटं रिकामं होणार, हुरहूर लागणार. ती लागू द्या, पण तिच्यात गुंतून पडू नका. सहलीला जा. राहून गेलेलं गाणं शिका. नवराबायकोनं पुन्हा एकमेकांची ओळख करून घ्या.

सल्ला वाईट नाही. ज्यांच्यासाठी आहे त्यांच्या उपयोगीही पडत असेल. पण तो सरसकट ‘पालकांना’ दिला जातो, आणि त्यातले पालक ठरलेले असतात. त्यांचं घर स्वतःच्या नावावर असतं, हप्ते फिटत आलेले असतात, दोघांपैकी एकाला तरी पेन्शन किंवा फंड असतो. त्यांचं मूल बाविसाव्या वर्षापर्यंत शेजारच्या खोलीत झोपतं आणि पदवीनंतर पहिल्यांदा उंबरठा ओलांडतं. असे पालक महाराष्ट्रात आहेत, पुष्कळ आहेत. मात्र त्यांच्या मनाची अवस्था हीच पालकपणाची अवस्था, असं धरून चालण्याला हरकत घ्यायला हवी.

सल्ल्यातली सहल बऱ्याचदा महाबळेश्वरची असते. कोकणातून महाबळेश्वरला जाणारा रस्ता पोलादपूरहून निघतो आणि आंबेनळी घाट चढतो. साधारण चाळीस किलोमीटरची ही वाट, मध्ये प्रतापगडाचा फाटा. इंग्रजांच्या अमदानीत तिला फिट्झगेराल्ड घाट म्हणत. गाडीच्या खिडकीतून दिसतं ते सावित्रीचं खोरं. बातम्या वाचणाऱ्यांना हा घाट आठवतो तो २८ जुलै २०१८ मुळे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातले कर्मचारी सहलीला निघाले होते, बस दरीत गेली आणि तीस माणसं दगावली. घाट एक तर देखावा म्हणून माहीत असतो, नाही तर अपघाताची जागा म्हणून. सावित्री, ढवळी आणि कामथी या नद्यांच्या खोऱ्यांतल्या वाड्यांमध्येही मुलं शिकतात, त्यांच्याही आया तिसऱ्या वर्षाचा निकाल कधी लागणार म्हणून विचारतात, हे खिडकीतून दिसत नाही.

या वाड्यांत पदवीपर्यंत येईतो रिकामं व्हायला घरात उरतं काय?

इथे घर रिकामं होण्याचा क्रमच वेगळा आहे. आधी बाप जातो. महाड-पोलादपूरच्या गावांनी कितीतरी पिढ्या मुंबईला माणसं पुरवली: गिरण्यांत, गोदीत, हॉटेलांत. गावात राहिली ती बाई, म्हातारी माणसं आणि पोरं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. लालबाग-परळच्या खोल्यांतून परतलेल्यांना चार खाचरांचा भात आणि वरकसावरची नाचणी-वरी वर्षभर पुरणार नव्हती. म्हणून पुन्हा मुंबईच, फक्त आता साच्यावर नाही, कुणाच्या तरी इमारतीच्या फाटकावर किंवा कुणाच्या तरी गाडीच्या चाकामागे. बापामागून थोरला जातो, बहुधा दहावी-बारावी झाल्या झाल्या. मग मुलीचं लग्न. शेंडेफळ सगळ्यांत शेवटी. शहरातल्या बाईला पन्नाशीत जे एकटेपण भेटतं म्हणून लेख लिहिले जातात, ते इथल्या बाईला पंचविशीत भेटलेलं असतं, आणि त्यावर तिला कुणी छंद सुचवलेला नसतो.

ही भावुक कहाणी नव्हे, जनगणनेत उतरलेली गोष्ट आहे. २०११ च्या मोजणीत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात वाढण्याऐवजी घटली. पोलादपूर मोडतं रायगडात, आणि रायगडचे आकडे पनवेल-उरणच्या वाढीनं फुगलेले असतात. पण कशेडी घाटापलीकडचं खेड आणि अलीकडचं पोलादपूर यांच्यात जिल्ह्याची हद्द सोडली तर वेगळं काय, हे शोधावं लागतं. अटल सेतू उघडला म्हणून रायगड मुंबईला लागला, असं म्हणणाऱ्यांनी सेतू उतरून दक्षिणेकडे दीडशे किलोमीटर यावं. मुंबईहून इकडे येणारा गोवा महामार्ग चौपदरी करण्याचं काम २०११ पासून चालू आहे आणि त्या कामावर कोकणात एक अख्खी विनोदाची शाखा उभी राहिली आहे.

‘शेवटचं मूल पदवीधर झालं, आता कर्तव्य संपलं’ हे सूत्र तपासायला याच मुलखातलं एक उदाहरण आहे. सगळ्यांना ठाऊक असलेलं; पण ते नेहमी मुलाच्या बाजूनं सांगितलं जातं, बापाच्या बाजूनं क्वचित.

रामजी मालोजी सकपाळ. मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. महाडपासून फार लांब नाही. लष्करात सुभेदार, लष्करी शाळेत मुख्याध्यापक, निवृत्तीनंतर दरमहा पन्नास रुपये पेन्शन. चौदा अपत्यं झाली, त्यांतली पाच जगली. सगळ्यांत धाकटा भीमराव, म्हणजे पुढचे बाबासाहेब. भीमाबाई साताऱ्यात गेल्या. पुढे बिऱ्हाड मुंबईला, परळच्या डबक चाळीत आलं. दोन मुलांना हायस्कुलात शिकवणं पेन्शनीत बसेना, तेव्हा थोरल्या आनंदरावांचं शिक्षण थांबवून त्यांना नोकरीला लावलं आणि धाकट्याचं चालू ठेवलं. पुस्तकाला पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या लेकींच्या दारात जायचे. रोख नसली तर लेक अंगावरचा दागिना काढून द्यायची. तो गहाण पडायचा आणि पेन्शन आली की सोडवला जायचा. एका खोलीत अभ्यासाला जागा नाही, म्हणून मुलाला संध्याकाळीच झोपवायचं, आपण रात्री दोनपर्यंत जागायचं, त्याला उठवायचं आणि मग त्याच्या जागेवर पाठ टेकायची.

१९०७ मध्ये मुलगा मॅट्रिक झाला. सत्काराची सभा सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली झाली आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र मुलाला भेट दिलं. पण सत्कारानं फी भरली जात नाही. कॉलेजात गेल्यावर रामजींची ओढाताण पेन्शनीपलीकडे गेली, तेव्हा केळुसकरांनीच खटपट करून सयाजीराव गायकवाडांकडून दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. म्हणजे पदवीच्या उंबरठ्यावरच्या या मुलामागे कोण कोण उभं होतं? शाळा सुटलेला भाऊ, गळा मोकळा केलेल्या बहिणी, एक शिक्षक, एक महाराजा, आणि झोप मोडणारा बाप.

भीमराव बी.ए. झाले आणि १९१३ च्या जानेवारीत बडोद्याच्या नोकरीवर गेले. तिथे जाऊ नये असं रामजींचं मत होतं. मुलगा गेला. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली, आणि २ फेब्रुवारी १९१३ ला रामजी वारले. धाकट्याची पदवी आणि बापाचा मृत्यू यांत काही आठवड्यांचं अंतर आहे. या आठवड्यांत रामजी कशाचा विचार करत होते? घर सुनं झालं याचा नव्हे. या पदवीचं आता करायचं काय, ती कुठे खपवायची, कुठल्या दरबारी माणसाकडून होणारा अपमान टाळता येईल, याचा असावा. बडोद्याबद्दलचा त्यांचा विरोध नंतरच्या घटनांनी बराच खरा ठरवला. न्यूयॉर्कचा प्रवास, पुढच्या पदव्या हे सगळं त्यांच्या माघारी झालं. त्यांचं कर्तव्य कुठल्या तारखेला संपलं, हे मोकळे व्हा म्हणणाऱ्यांनी सांगावं.

जाता जाता: ज्या १९१२ साली परळच्या खोलीत बी.ए.चा अभ्यास चालला होता, त्याच साली महाड तालुक्यातल्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिले आले. हेच देशमुख पुढे १९५६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला कायद्याचं रूप मिळालं तेव्हा अध्यक्षपदी होते; देशातल्या पदव्यांना पैसा पुरवणारी संस्था त्यांनी चालवली. वकिलाचं घर आणि पेन्शनर सुभेदाराची खोली. मॅट्रिकची परीक्षा एकाच विद्यापीठाची, तिची किंमत दोन्ही घरांत सारखी नव्हती.

सत्काराच्या सभेचे अध्यक्ष बोले यांनीच १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मांडला. त्याचा आधार घेऊन महाड नगरपालिकेनं चवदार तळं खुलं असल्याचं ठरवलं, ते कागदावरच राहिलं, आणि मार्च १९२७ मध्ये सत्याग्रह झाला. त्याची जुळवाजुळव करणाऱ्यांत रामचंद्र बाबाजी मोरे होते. जन्म महाडजवळच्या लाडवलीचा. शिष्यवृत्ती मिळवूनही या मुलाला महाडच्या इंग्रजी शाळेनं दार बंद केलं होतं, आणि त्यानं वर्तमानपत्राला पत्र लिहून ते उघडायला लावलं होतं. १९ मार्चला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत बाबासाहेब बोलले, त्या भाषणात आईबापांसाठी एक कडक मुद्दा होता: आपल्यापेक्षा आपली मुलं बऱ्या स्थितीत असावीत अशी इच्छाच ज्यांना होत नाही, त्यांच्यात आणि जनावरांत फरक करायचा कशावरून? लष्करभरती बंद झाल्यानं या भागातल्या समाजाच्या शिक्षणावर झालेला परिणामही त्यांनी मांडला. मुलांच्या शिक्षणाची गोष्ट महाडात तेव्हा अशी सार्वजनिक चर्चेत आली, जमीन, नोकरी आणि पाणी यांच्या रांगेत. शंभर वर्षं होत आली, आणि आज तीच गोष्ट आईच्या मनाच्या कोपऱ्यात ढकलून तिच्यावर मनःशांतीचे उपाय सुचवले जातात.

थोरामोठ्यांची उदाहरणं देऊ नका, काळ बदलला, असं इथे कुणी म्हणेल. ठीक. बदललेल्या काळातलीच एक तुकडी घ्यावी.

२०२४ मध्ये पदवीच्या पहिल्या वर्गात गेलेली मुलं २०२७ मध्ये तिसरं वर्ष पुरं करतात. आंबेनळीच्या पायथ्याच्या आणि महाडच्या डोंगरी गावांतल्या याच मुलांचं दहावीचं वर्ष कसं गेलं? २०२१ च्या जूनमध्ये ती दहावीत गेली, तेव्हा करोनामुळे शाळा पुरत्या उघडल्या नव्हत्या. शिक्षण मोबाइलवर, आणि मोबाइलला रेंज माळावर. याच साथीत सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीनं रेंज मिळते म्हणून डोंगरावर खोप बांधली, त्याचं राज्यभर कौतुक झालं. कौतुकाऐवजी टॉवर झाला असता तर बरं, असं कुणी फारसं म्हटलं नाही. मग २२ जुलै. महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि महाबळेश्वरचं पाणी सावित्रीतून खाली पोलादपूर-महाडलाच येतं. महाड पाण्याखाली गेलं. तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडींनी माणसं नेली. आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणी तुटून बराच काळ बंद पडला. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा झाली ती या संपातच.

ही दहावी पास झालेली मुलं बारावीला गेली, आणि त्यातली काही पोलादपूरच्या सुंदरराव मोरे महाविद्यालयात, काही महाडच्या आंबेडकर महाविद्यालयात (पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं ते १९६१ मध्ये काढलं), काही लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात, आणि पुष्कळशी पनवेल, मुंबई, पुणे अशी पांगली. त्यांच्या आयांना ‘आता पाखरू उडेल’ असं सांगणं म्हणजे निव्वळ अज्ञान. ज्या जुलैत रात्रभर डोंगराचा आवाज ऐकत बसावं लागलं, त्या जुलैनंतर ‘शिकून परत ये’ हे वाक्य या डोंगरात म्हणणंच अवघड झालं. २००५ च्या जुलैतही जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन इथे असंच घडलं होतं. दोन पिढ्यांच्या आठवणीत दोन दरडी. तळियेच्या माणसांनी नव्या घरांची वाट बघत पत्र्याच्या कंटेनरांत पावसाळे काढले. आई मुलाला धरून ठेवते, तिला सोडायला शिकवा, हे समुपदेशनाचं गृहीतक. इथली आई त्याला ढकलते आहे. तिला प्रश्न पडतो तो पुढचा: सगळी गेल्यावर आपण या उतारावर राहायचं का, आणि राहायचं नसेल तर कुणाच्या खोलीत जायचं.

हा प्रश्न शेंडेफळाच्या पदवीपर्यंत थांबलेला असतो. पुष्कळ घरांत म्हातारे आईबाप धाकट्याकडे राहतात. थोरल्याचं बिऱ्हाड कधीच वेगळं झालेलं असतं, त्याच्या खोलीत त्याचीच मुलं मावत नाहीत. धाकटा महाडच्या एमआयडीसीत लागला तर गावातलं घर उघडं राहील, पुण्याला लागला तर गणपती-शिमग्यापुरतं. भाताची खाचरं कुणी लावायची, सामायिक सातबाऱ्यावर वारसांची नोंद कधी करायची, चुलत्यांशी वाटणीचं कोण बोलणार, पुनर्वसनाच्या यादीत नाव आलं तर घर कुणाच्या नावावर घ्यायचं, हे सगळं ‘बघू, त्याचं शिक्षण होऊ दे’ म्हणून पुढे ढकललेलं असतं. ते शिक्षण होतं. आणि मग पुढे ढकलायला काही उरत नाही. पदवीचा दिवस म्हणजे मोकळीक, हे ज्यांनी लिहिलं त्यांचा सातबारा बहुधा एकट्याच्या नावावर असावा.

दुसऱ्या बाजूनं एक खवचट आवाज येतो. बी.ए., बी.कॉम. करून तरी काय मिळणार, आयटीआय करायचं होतं. पदवीचं एवढं काय घेऊन बसलात? हे म्हणणारे सल्ला देणाऱ्यांपेक्षा जरा जमिनीवरचे असतात, म्हणून त्यांना उत्तर द्यायला हवं. महाडची एमआयडीसी आहे, रसायनांचे कारखाने आहेत, आणि पदवी नसलेल्याला तिथे जे काम मिळतं ते बहुतेक कंत्राटी आणि अंगमेहनतीचं असतं. राज्य सरकारचा ८० टक्के स्थानिकांना कामावर घेण्याचा नियम आहे. त्यातला स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा अधिवासी, पोलादपूरचा नव्हे. तेव्हा कारखाना दाराशी असणं म्हणजे नोकरी दाराशी असणं नाही. आयटीआय चांगलं शिक्षण आहे, जरूर करावं. पण डोंगरातल्या मुलांनी आयटीआय करावं आणि शहरातल्यांनी पदवी, ही वाटणी कुणी केली? आनंदरावांची शाळा सोडवून त्यांना कामाला लावलं ते नाइलाजानं. त्या नाइलाजाचं आज धोरण करून दाखवू नये.

सरकारनं काही केलंच नाही, असंही नाही. खेड्यातल्या मुलींना पाचवी ते बारावी एसटीचा मोफत पास आहे, अहिल्याबाई होळकरांच्या नावानं. बारावी संपली की तो थांबतो. मग सवलतीचा पास, किंवा १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना असलेलं अर्धं तिकीट. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क माफ झालं. निर्णय चांगलाच आहे आणि ही तुकडी त्याच वर्षी कॉलेजात गेली. पण पोलादपूरच्या वरच्या वाडीतल्या मुलीला पुण्यात शिकवताना आईबापांना घोर लागतो तो शुल्काचा थोडा आणि खोलीचा जास्त. डिपॉझिट, भाडं, मेसचा डबा, गावी यायचं भाडं. शुल्कमाफीच्या निर्णयात यातलं काही बसत नाही. साध्या बी.ए., बी.एस्सी.ला तर ती माफीही नाही. समाजकल्याणची वसतिगृहं, स्वाधारसारख्या योजना आहेत. ज्यांना त्या मिळतात त्यांचं शिक्षण त्यांच्यामुळेच पार पडतं, हे मान्य करूनही त्यांचे पैसे वर्षाच्या कुठल्या महिन्यात खात्यावर पडतात ते मुलांनाच विचारावं.

समुपदेशकांचा सगळ्यांत भक्कम मुद्दा अजून राहिला आहे. त्यांचं म्हणणं असं की, हे सगळं आर्थिक झालं. पण आईनं आयुष्यभर मुलांसाठीच जगायचं का? तिला स्वतःचं काही नको का? इतका सुंदर प्रश्न की त्याला विरोध करणारा आपोआप जुनाट ठरतो. आणि तरीही तो या डोंगरात चुकीच्या बाईला विचारला जातो आहे. ‘मुलांसाठीच जगणारी’ बाई ही पगारी नवऱ्याच्या घरातली असू शकते. घाटाखालच्या बाईनं राब भाजला, लावणी केली, गुरं राखली, सासूसासऱ्यांचं शेवटपर्यंत केलं, बचतगटाचे हप्ते भरले, रोजगार हमीवर खड्डे खणले, आणि या सगळ्यात मुलं वाढवली. मुलं गेल्यावर तिच्या दिवसातून काम कमी होत नाही, उलट हाताखालचं माणूस जातं. नवरा साठीला गावी परत आला तर कामात भरच पडते. मुंबईत तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला गावातली सकाळ कशी घालवायची हेही नव्यानं शिकवावं लागतं. नवराबायकोनं एकमेकांची ओळख करून घ्यावी हा सल्ला इथे मात्र अक्षरशः लागू पडतो, सल्ला देणाऱ्यांना अपेक्षित नसलेल्या अर्थानं.

तिला विसावा नको असं कुणीच म्हणत नाही. तिला तो मिळावा म्हणून काय लागेल, हे मात्र मनाला विचारून कळणार नाही. म्हातारपणीच्या दुखण्याला महाडपर्यंत जाणारी वेळेवरची गाडी लागेल. घर सुरक्षित उतारावर लागेल. धाकट्याच्या पहिल्या पगारातून गावी किती पाठवायचे यावर थोरल्याशी होणारं भांडण टळावं म्हणून हातात स्वतःचे चार पैसे लागतील. ध्यानधारणेनं यातलं काही होत नाही.

मग आईबापांनी मुलांना जबाबदारीच्या दोरानं बांधून ठेवावं, असं सुचवायचं आहे का? मुळीच नाही. रामजींनी बडोद्याला विरोध केला, मुलानं ऐकलं नाही, आणि मुलाचं पुढे जाणं त्या न ऐकण्यातून थांबलं नाही. मुलांनी आपलं ठरवावं. हरकत आहे ती हिशेब बंद करण्याच्या घाईला. डोंगरातल्या घरानं एका पदवीसाठी भाऊ, बहीण, जमीन आणि वीस वर्षांचा एकटेपणा घातलेला असतो. पदवी हाती आल्या आल्या ‘आता विसरा आणि जगा’ म्हटलं की तो खर्च कुठेच नोंदला जात नाही. आणि जो खर्च नोंदला गेला नाही तो पुढच्या घरालाही तसाच करावा लागतो. तालुक्याच्या ठिकाणी मुलींचं पुरेसं वसतिगृह हवं, कॉलेजच्या वेळेला जुळणारी गाडी हवी, पाऊस लागला आणि घाट बंद झाला की हजेरी आणि परीक्षा यांचं काय याचा आधीच ठरलेला नियम हवा. अलीकडे पावसाळ्यात इशारा असला की आंबेनळीची रात्रीची वाहतूक बंद ठेवतात, योग्यच आहे. मग दुसऱ्या दिवशी सकाळच्या पेपराला बसणाऱ्याचं वेळापत्रकही त्याच आदेशात विचारात घेता येतं.

तोवर घाटाखालच्या आईबापांपुढे आणखी एक नवं गणित आलेलं आहे, आणि त्याबद्दल मोकळं होण्याच्या लेखांत एक ओळही नसते. ज्या २०२४ च्या तुकडीबद्दल वर लिहिलं, तिला नवं शैक्षणिक धोरण लागू आहे. तिसऱ्या वर्षाअखेर पदवी घेऊन बाहेर पडता येतं, किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येतं. चौथं केलं तर पुढचं एम.ए., एम.एस्सी. दोनऐवजी एका वर्षात होतं. शहरातल्या घरात हा मुलाच्या आवडीचा विषय आहे. पोलादपुरात तो आणखी बारा महिन्यांच्या खोलीभाड्याचा आहे, आणि थोरल्या भावानं अजून एक वर्ष आपलं लग्न थांबवायचं का, याचा आहे. २०२७ च्या मे महिन्यात हे ठरवावं लागेल, मुंबईकर गावी आलेले असताना, सगळ्यांच्या समोर.